काडतुसी पितळ

सु. ७०% तांबे व ३०% जस्त असलेली मिश्रधातू. रायफलीच्या काडतुसांच्या पुंगळ्या मुख्यत्वे हिच्यापासून करतात, त्यावरून हिला हे नाव पडले आहे. पुंगळी, प्रज्वलक टोपी, धूमहीन दारू व गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. बार उडाल्यावर यांपैकी पुंगळी हाच घटक पुन्हा उपयोगात आणता येतो. रिकामी पुंगळी मूळ आकारास आणून तीत नवी टोपी, मोजून घेतलेली दारू व नवी गोळी बसविण्याच्या क्रियेस पुनर्भरण म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फिनलंड इ. देशांत अनेक नेमबाज व शिकारी हे काम स्वतः करतात. एकच पुंगळी अनेक वेळा मोठा दाब सोसत असल्याने तिच्या पितळेची प्रत हा नेमाच्या अचूकतेइतकाच नेमबाजाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

गुणधर्म : या प्रमाणात सर्व जस्त तांब्यात विरघळलेले राहते व मिश्रधातू एकाच प्रावस्थेची बनते. त्यामुळे ती थंड स्थितीत सहज ओढता येते. अनुशीतन केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) पितळेचे ताणबल सु. ३२५ मेगापास्कल असून ती तुटण्यापूर्वी ६०% पर्यंत लांबू शकते. थंड स्थितीत लाटून कठीण केलेल्या पितळेचे ताणबल ५०० मेगापास्कलांहून अधिक होते. मात्र तिची लांबण्याची क्षमता ८ टक्क्यांच्या आसपास उतरते. मऊपणा व कठीणपणा असा एकाच धातूत हवा तेथे, हवा तेवढा आणता येणे हेच या पितळेचे मुख्य वैशिष्ट्य होय.

बार उडताना ७.६२ मिमी. वर्गाच्या रायफलीत दाब सु. ४०० मेगापास्कलांपर्यंत चढतो. त्या दाबाने पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट टेकते व वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती स्थितिस्थापकतेमुळे किंचित आकसते व सहज बाहेर काढता येते. पितळेचा स्थितिस्थापकता गुणांक पोलादाच्या जवळजवळ निम्मा असल्याने हे आकसणे तिच्यात पुरेसे होते.

निर्मिती : पितळेच्या पट्टीतून चकत्या कापून त्यांच्या वाट्या करतात. वाट्या मुद्रांमधून टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात आणि दोन टप्प्यांमध्ये अनुशीतन करतात. नंतर बूड ठोकून कठीण करतात, टोपीचे घर व ज्वालाछिद्र पाडतात, बुडाशी खोबण कापतात आणि खांदा व मान निमुळती करतात. शेवटी फक्त मान व खांदा यांचे अनुशीतन करतात. चांगल्या पुंगळीचे बूड कठीण व मान मऊ असते. मानेवर दिसणारा निळसर डाग हा दोष नसून या अंतिम अनुशीतनाची खूण आहे. काही कारखाने ती घासून काढतात, तर लष्करी पुंगळ्यांवर ती बहुधा तशीच ठेवलेली असते.

मोसमी भेगा : ओढकामामुळे धातूत राहिलेले आंतरिक ताण किती घातक ठरतात, हे प्रथम ब्रिटिश अंमलातील हिंदुस्थानात ठळकपणे दिसून आले. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठविलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना, त्या न वापरताच, भेगा पडत. पावसाळ्याशी असलेल्या या संबंधामुळे या दोषास ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव मिळाले. घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया, दमट हवा व पितळेतील ताण या तिन्हींचा हा एकत्रित परिणाम असल्याचे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखविले. यांपैकी एक कारण दूर केले तरी भेगा टळतात. ताण घालविण्यासाठी पितळ सु. २५० ते ३०० से. तापमानास काही काळ ठेवतात. त्यामुळे कठिनता फारशी घटत नाही. अमोनियायुक्त द्रवाने पुंगळ्या साफ करू नयेत, या नियमाचे कारणही हेच आहे.

गुणवत्तेची तुलना : एकाच मापाच्या पुंगळ्या बाहेरून सारख्या दिसल्या, तरी आतून सारख्या नसतात. .३०८ विंचेस्टर (१९५२) हे व्यापारी काडतूस व ७.६२ × ५१ मिमी. हे नाटो संघटनेने १९५४ मध्ये स्वीकारलेले लष्करी काडतूस यांची बाह्य मापे जवळजवळ एकच आहेत. लष्करी पुंगळ्यांच्या भिंती मात्र सामान्यतः जाड असतात. या मापाच्या पुंगळ्यांचे वजन साधारणतः १० ते १२ ग्रॅ. या मर्यादेत बदलते. पितळेची घनता ८.५३ असल्याने १ ग्रॅ. जादा धातू सु. ०.१२ घ. सेंमी. जागा व्यापते, पुंगळीच्या सु. ३.६ घ. सेंमी. आकारमानाच्या मानाने ही घट तीन टक्क्यांहून अधिक होते. म्हणून हलक्या पुंगळीसाठी ठरविलेले दारूचे प्रमाण जड पुंगळीत तसेच वापरल्यास दाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या एकत्र न मिसळण्याचा संकेत यावरूनच आला आहे.

वजन हा केवळ अप्रत्यक्ष निकष होय. वजनातील फरक बुडाच्या काठात किंवा खोबणीत असेल, तर आतील जागेवर त्याचा परिणाम होत नाही. उडालेली पुंगळी पाण्याने भरून तोलणे ही खरी कसोटी होय. याशिवाय मानेच्या भिंतीची जाडी सर्व बाजूंनी सारखी असावी लागते. ती कमीअधिक असल्यास गोळी नळीच्या अक्षाशी तंतोतंत जुळत नाही. ज्वालाछिद्र मध्यावर असावे व त्याच्या आतील कडेस ठोशाने निघालेली कोर नसावी. टोपीचे घर घट्ट असावे. लष्करी पुंगळ्यांत टोपीभोवतीचा धातू दाबून ती पक्की केलेली असते. हा दाबलेला काठ काढल्यावाचून नवी टोपी बसत नाही.

टोपीची रचनाही महत्त्वाची असते. बॉक्सर पद्धतीत ऐरण टोपीतच असून पुंगळीस मध्यभागी एकच छिद्र असते. त्यामुळे जुनी टोपी सुईने सहज निघते. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडातच घडविलेली असून छिद्रे बहुधा दोन व कडेला असतात. म्हणून अशा पुंगळ्यांचे पुनर्भरण त्रासदायक होते. बॉक्सर हे इंग्रज व बर्डन हे अमेरिकन होते. तथापि बॉक्सर पद्धत अमेरिकेत व बर्डन पद्धत यूरोपात अधिक रूढ झाली.

फिनलंडमधील लापुआ (स्थापना १९२३) व स्वीडनमधील नॉर्मा (१९०२) या कारखान्यांच्या पुंगळ्या एकसारखेपणासाठी नावाजलेल्या असून महागही असतात. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील लेक सिटी (१९४१) येथील लष्करी पुंगळ्या बळकट व स्वस्त असतात. मात्र त्यांवर निवड व दुरुस्ती यांचे श्रम करावे लागतात. मोजक्या बारांची स्पर्धा व भरपूर सराव यांच्या गरजा वेगळ्या असल्याने एकच प्रत सर्वांस सर्वोत्तम ठरत नाही.

आयुर्मान व तपासणी : प्रत्येक बाराबरोबर मान फुगते व मुद्रेत पुन्हा आवळली जाते. त्यामुळे ती कठीण होत जाऊन अखेर तडकते. वेळोवेळी केलेले मानेचे अनुशीतन हे लांबविते. परंतु ती उष्णता बुडापर्यंत पोहोचल्यास बूड मऊ पडून पुंगळी फुटण्याचा व वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येण्याचा धोका असतो. बुडाच्या किंचित वर उमटणारी चकचकीत कडी भिंत आतून पातळ झाल्याचे लक्षण होय. टोकाशी वाकविलेली तार आत फिरविल्यास तेथे खाच लागते. अशी पुंगळी, तसेच जिच्या घरात टोपी सैल बसते ती पुंगळी मोडीत काढतात.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव (जि. जळगाव) येथील सरकारी कारखाने काडतुसांसाठी प्रसिद्ध आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सार्वजनिक कंपनीकडे आले आहेत.