कॅल्शियम प्राकृत, परावटू ग्रंथी विकृत : शस्त्रकर्म केव्हा?

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील चिकित्सालयांत मूत्राश्मरी व अस्थिशूलाचे रुग्ण नित्य येतात. त्यांपैकी एखाद्याच्या अहवालात रक्तातील कॅल्शियम प्राकृत, परंतु पॅराथॉर्मोन म्हणजेच पीटीएच वाढलेले आढळते. गळ्याचे ऑपरेशन करावे काय, असे तो विचारतो. उत्तर देण्यापूर्वी कारण शोधले पाहिजे.

अवटू ग्रंथीच्या मागे बहुधा चार परावटू म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम घटू लागताच त्या पीटीएच वाढवून अस्थींतून ते मिळवतात. म्हणून पीटीएचची वाढ हा दर वेळी ग्रंथीचा दोष नसतो. पुष्कळदा ती शरीराने केलेली भरपाई असते. जीवनसत्त्व ड ची उणीव, वृक्कविकार, आंत्रातील अपशोषण, मूत्रावाटे होणारा कॅल्शियमचा अतिरेकी ऱ्हास, लिथियम, काही मूत्रल औषधे व अस्थिक्षयावरील काही औषधे ही त्याची कारणे होत. किनवट तालुक्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. फ्लोरोसिसमध्येही कॅल्शियम प्राकृत राहून पीटीएच वाढू शकते. तेथे पहिला उपाय पाणी बदलणे हा होय, शस्त्र नव्हे.

ही सर्व कारणे वगळल्यानंतर, तीन ते सहा महिन्यांच्या काळात किमान दोनदा पीटीएच वाढलेले आणि आयनीभूत कॅल्शियमही प्राकृत आढळले, तरच मूळ ग्रंथिविकाराचे निदान होते. २००८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या प्रकारास स्वतंत्र मान्यता मिळाली. मात्र अशा सर्वच रुग्णांना शस्त्रकर्म सुचवण्याइतका पुरावा २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनाही आढळला नाही. वारंवार होणारी अश्मरी, अल्प आघाताने अस्थिभंग किंवा तीव्र अस्थिक्षय असल्यास शस्त्रकर्माचा विचार होतो. इतरांवर नियमित लक्ष ठेवले जाते.

स्कॅन निदानासाठी नसून ग्रंथीचे स्थान शोधण्यासाठी असतो. या प्रकारात एकाहून अधिक ग्रंथी विकृत असण्याचा संभव जास्त व स्कॅन निष्फळ ठरण्याचाही. त्यामुळे शल्यचिकित्सकास बहुधा चारही ग्रंथी पाहाव्या लागतात. विकृत ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांत पीटीएच निम्म्याहून खाली आल्यास कार्य साधले असे समजतात. नंतर ओठांभोवती मुंग्या आल्यास कॅल्शियम तत्काळ तपासावे.

आपले कर्तव्य स्पष्ट आहे. शंखभस्म, कपर्दिकाभस्म, प्रवाळभस्म यांत कॅल्शियमच असते. रुग्ण ती घेत असल्यास तपासणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. औषधविक्रेत्यांनी जीवनसत्त्व ड च्या मोठ्या मात्रा तपासणीविना देऊ नयेत. सुश्रुतांनी अश्मरीत औषध आधी व शस्त्र अखेरीस सांगितले. येथेही तोच क्रम हितावह आहे.