बावन्न सेकंद आणि एक डुक्कर



आजचा विषय ठरला तेव्हा पहिला आक्षेप आमच्या घरातूनच आला. युद्ध आणि देश या काय हसायच्या गोष्टी आहेत? आक्षेप खरा आहे. पण हसायचं नाही असं जिथं सगळ्यांनी मान्य केलेलं असतं, तिथंच माणसाला हसू फुटतं, आणि फुटल्याबरोबर तो शेजाऱ्याकडं चोरून बघतो. हे चोरून बघणं हा आमचा आजचा विषय. चित्रपट त्याला निमित्त.

सुरुवात मात्र घरातल्या एका गोष्टीनं करू. आपण सेलूत बसलो आहोत, म्हणजे जुन्या निजामी राज्यात बसलो आहोत. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा परभणी जिल्ह्यात तो चढवणं गुन्हा होता. इथलं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा, १७ सप्टेंबर १९४८ ला आलं. आमचे धाकटे चुलते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, तेव्हा सातवीत होते. शाळा उर्दू माध्यमाची. रोज सकाळी रांगेत उभं राहून आला हजरतांच्या सलामतीचं गाणं म्हणायचं. मग कारवाई झाली, शाळा काही दिवस बंद राहिली आणि पुन्हा उघडली. अण्णा सांगायचे, "गुरुजी तेच, घंटा तीच, रांग तीच. गाणं तेवढं बदललं. आणि गुरुजींच्या डोळ्यांत पाणी पहिल्याइतकंच!" एवढं सांगून अण्णा मांडीवर थाप मारून हसायचे आणि आम्ही पोरंही हसायचो.

आता त्या कारवाईचं नाव बघा. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, रणगाडे आले, मेजर जनरल चौधरींच्या हाती सूत्रं होती, आणि नाव काय, तर 'पोलीस अ‍ॅक्शन'. हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार नेली होती. युद्ध दोन देशांत होतं, पोलीस कारवाई आपल्या घरात होते, म्हणून दिल्लीला हे नाव सोयीचं. पण रणगाड्यातून येणारे पोलीस आमच्या आजीनं तोवर पाहिले नव्हते. आपल्याकडची म्हातारी माणसं आजही 'अ‍ॅक्शनच्या आधी', 'अ‍ॅक्शननंतर' असाच काळ मोजतात. हसलात ना आत्ता? ठीक आहे. हे हसू जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

हे हसू येतं कुठून? भरतानं हास्याचं मूळ विकृत वेष, विकृत बोलणं-वागणं यांत सांगितलं. अभिनवगुप्त त्याच्या पुढं जातो. तो म्हणतो, कोणताही रस अनुचित ठिकाणी प्रकटला की त्याचा आभास होतो, आणि त्या आभासातून हास्य निपजतं. शृंगाराचा आभास होतो तसा वीराचाही होतो. बेर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९०० साली हसण्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की आपल्याला हसू येतं. एक काश्मीरचा, एक पॅरिसचा, मध्ये नऊशे वर्षं. दोघांची बोटं एकाच ठिकाणी आहेत: जिथं एखादी मुद्रा आणि तिच्याखालचं शरीर यांचं जमत नाही तिथं.

हे दोघं एकदम समजून घ्यायचे असतील तर नागराज मंजुळे यांचा 'फॅन्ड्री' बघावा. १४ फेब्रुवारी २०१४ ला महाराष्ट्रात लागला. फॅन्ड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या नावाचा शाळकरी मुलगा, डुकरं पकडायचं काम घरावर लादलेलं, आणि मनात वर्गातली शालू. बाप कचरू, म्हणजे किशोर कदम. गावाला डुकरं नकोशी झाली म्हणून ती पकडायचा हुकूम कचरूला होतो, आणि सगळं कुटुंब गावच्या डोळ्यांदेखत डुकरामागं धावतं. गाव कडेला बसून ही गंमत बघतं. शाळा शेजारीच. डुक्कर आता सापडणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. सावधान. मग घरचे बाकीचे एकेक करून जागच्या जागी थिजतात. बापसुद्धा.

डुक्कर मात्र थांबत नाही. ते चालत निघून जातं.

राष्ट्रगीत वाजायला साधारण बावन्न सेकंद लागतात. एवढ्या वेळात एका कुटुंबाची सकाळभराची मेहनत वाया जाते. यात राष्ट्रगीताची टर कुठंही नाही. उलट त्या पडद्यावर त्याचा सगळ्यांत कडक मान राखणारी माणसं ही आहेत, ज्यांना गावानं कधी मान दिला नाही. शिकलेलं पोर आधी थांबतं आणि घरच्यांना थांबवतं, म्हणजे शाळेनं तिचं काम चोख केलेलं आहे! वीररसाची मुद्रा आहे, आणि तिच्याखाली घामानं भिजलेली, पोटामागं धावणारी माणसं आहेत. आपण हसतो. मग गावातले बघे हसतात ते दिसतं आणि आपलं हसू त्यांच्या हसण्यात मिसळलेलं ऐकू येतं. शेवटी जब्याच्या हातून सुटलेला दगड थेट कॅमेऱ्याकडं येतो. तो कुणाला लागायचा आहे हे सांगायला प्राध्यापक लागत नाही.

आता आमची फजिती सांगतो. निवृत्तीनंतर, २०१५ साली, एका महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळानं आम्हाला 'फॅन्ड्री' दाखवून त्यावर बोलायला बोलावलं. पडदा म्हणजे भिंतीवरची चादर, शंभरेक मुलंमुली. हा प्रसंग आला. पुढची दोन पोरं ताडकन उभी राहिली. त्यांना बघून त्यांच्या मागची, मग आणखी मागची. एकाच्या हातात चहाचा कप होता, तो कप छातीशी धरून सावधान. निम्मं सभागृह उभं, निम्मं बसलेलं, उभ्यांमुळं बसलेल्यांना पडदा दिसेना. आणि आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, खुर्चीतून अर्धवट उठलो आणि तसेच राहिलो. पूर्ण उठावं तर चित्रपट समजला नाही असं होईल, बसावं तर पोरं काय म्हणतील? चाळीस वर्षं कांट शिकवला, त्याचा त्या क्षणी काडीचा उपयोग झाला नाही. आम्ही फक्त शेजारी बघत होतो.

नंतर चर्चा झाली. उभं राहायला हवं होतं की नको, यावर पाऊण तास वाद. मागच्या रांगेतला एक मुलगा शेवटी एवढंच म्हणाला, "सर, उभं कोण ऱ्हायलं अन् बसलं कोण, हे समद्यांनी पाह्यलं. डुक्कर गेलं ते कुणी पाह्यलं का?" त्याला गावाकडची एसटी गाठायची होती, तो निघून गेला. आम्ही तयार करून नेलेलं भाषण खिशातच राहिलं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न हमखास येतो. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा मानतो. राष्ट्रगीत चित्रपटाचाच भाग असेल तर प्रेक्षकांनी उठणं अपेक्षित नाही, कारण त्यानं सन्मान वाढण्याऐवजी गोंधळ वाढतो, असं गृहमंत्रालयाच्या सूचनांतच लिहिलेलं आहे. आमच्या अर्धवट उठण्याचं इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही. महाराष्ट्रात चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत २००३ पासूनच वाजू लागलं होतं. ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं देशभर ते सक्तीचं केलं आणि त्या वेळी दारं बंद ठेवा असंही सांगितलं. पुढं बंद म्हणजे कडी लावणं नव्हे, असा खुलासा करावा लागला. कथानकातल्या राष्ट्रगीताला उठायची गरज नाही, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पष्ट झालं, आणि ९ जानेवारी २०१८ ला सक्तीच गेली. या सगळ्यावर वेगळा चित्रपट काढायची गरज नाही.

जरा बाहेर जाऊ. मार्च २००२ मध्ये आपल्या आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' ऑस्करच्या दारात होता. आपण हरलो म्हणून त्या दिवशी बऱ्याच घरांत सुतक होतं. ज्यानं हरवलं त्या चित्रपटाचं नाव 'नो मॅन्स लँड', बोस्नियाचा, दानिस तानोविच यांचा. आम्ही जरा रागानंच तो पाहिला, आणि राग पहिल्या अर्ध्या तासात गेला.

दोन्ही फौजांच्या मधल्या खंदकात तिघं अडकलेले. एक बोस्नियाक, एक सर्ब, आणि तिसरा जखमी बोस्नियाक, ज्याला मेला समजून शत्रूनं त्याच्या पाठीखाली सुरुंग पेरलाय. तो उठला की सगळे उडणार. पहिल्या दोघांत भांडण, युद्ध कुणी सुरू केलं? बंदूक ज्याच्या हातात तो विचारतो, आणि दुसरा मुकाट्यानं कबूल करतो की आम्हीच सुरू केलं. बंदुकीचा हात बदलला की कबुलीजबाबही बदलतो. इतिहासाच्या लेखनपद्धतीवर आम्ही बरेच ग्रंथ वाचले, पण हा धडा दोन मिनिटांचा आहे. पुढं कळतं की दोघांच्या ओळखीची एकच मुलगी आहे. घटकाभर दोघं गावाकडच्या गप्पा मारतात. शेवटी ते दोघं मरतात. सुरुंग निकामी करता येत नाही हे तज्ज्ञाच्या लक्षात येतं. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी जखमीला वाचवल्याचा देखावा करतात, पत्रकार निघून जातात, आणि तो माणूस तिथंच आडवा असतो. कॅमेरा वर वर जातो.

डुक्कर गेलं ते कुणी पाहिलं, हा त्या मुलाचा प्रश्न इथंही लागू आहे. सोहळा सगळ्यांना समोर बघायला सांगतो. हा विनोद बाजूला बघतो, चौकटीतून कोण निसटलं, कोण तसंच पडून राहिलं तिकडं. आमच्या मते त्याचं काम एवढंच आहे, आणि ते गंभीर चित्रपटाला सहसा जमत नाही. नाना पाटेकरांचा 'प्रहार' आठवा, १९९१ चा. मुलांना सोडवताना पाय गमावलेला जवान गावगुंडांना हप्ता देत नाही म्हणून मारला जातो. चित्रपट प्रामाणिक आहे, आम्हालाही आवडला. पण तो बघून आपण मुठी आवळून बाहेर पडतो, आणि आवळलेली मूठ फार सुखाची असते. तिच्यात आपण नेहमी बरोबर असतो.

'कोर्ट' मधला एक प्रसंग याच्या उलटा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात एका लोकशाहिरावर त्याच्या गाण्यापायी खटला चाललाय. सरकारी वकील बाई सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीय तरुणाला घरातून हाकलतात आणि प्रेक्षागृह खदखदून हसतं. कॅमेरा काहीच म्हणत नाही. आमच्या शेजारी बसलेले गृहस्थ त्या नाटकातल्या विनोदाला मोकळेपणानं हसले. आम्हीही हसलो असतो, पण आपल्याला कुणीतरी बघतंय असं वाटलं.

आता मर्यादा. चॅप्लिननं १९४० साली 'द ग्रेट डिक्टेटर' काढला, त्यात हुकूमशहा पृथ्वीगोलाचा फुगा करून खेळतो. पुढं आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की छळछावण्यांतली खरी भीषणता आधी माहीत असती तर हा चित्रपट त्याला करता आला नसता. म्हणजे इतक्या मोठ्या विदूषकालाही एक जागा सापडली जिथं हसू थांबतं. गंगाखेडच्या जनाबाईनं प्रत्यक्ष विठ्ठलाला शिव्या घातल्या आणि वारकऱ्यांनी त्या भक्तीनं गायल्या, इतकी आपली छाती मोठी आहे. तरी अशी जागा आपल्याकडंही आहे, आणि ती आमच्या अण्णांच्या गोष्टीतच होती.

१९४८ चे दिवस साधे नव्हते. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. निजामाविरुद्ध लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या मुसलमान संपादकाचा त्यांनी ऑगस्टमध्ये हैदराबादेत खून केला. हे आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला ऐकतो, ऐकलंच पाहिजे. पण अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत सामान्य मुसलमानांवर जे गुदरलं त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं केली. मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारचं नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

आम्ही हे वाचलं तेव्हा पन्नाशीत होतो. अण्णा हयात होते. दिवाळीला सगळे जमलेले, नातवंडांनी फर्माईश केली आणि त्यांनी तीच गोष्ट सुरू केली. गुरुजी तेच, घंटा तीच, रांग तीच. पोरं हसली. आम्ही विचारलं, "अण्णा, रांग तीच होती. पण तेवढीच होती का?"

मांडीवर पडायची थाप हवेतच राहिली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "माझ्या पुढं दोघं उभे राहायचे. त्या दिवशी मी पहिला होतो." मग टोपी घातली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.