श्रोत्यांची संगत, मतदारांची यादी

गुरुद्वारात ग्रंथश्रवणासाठी येणाऱ्याची जात वा धर्म कोणी विचारत नाही. 1604 मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात आपल्या नामदेवांचीही पदे आहेत. ‘शीख’ या शब्दाचा अर्थच शिकणारा. व्यवस्थापनाचा मताधिकार मात्र कायदा ठरवतो. 1925 च्या गुरुद्वारा कायद्याने तो स्त्रियांनाही दिला, हे त्या काळी मोठे पाऊल होते. 2016 मध्ये संसदेने सहजधारींचा, म्हणजे केश न राखणाऱ्या श्रद्धावानांचा, मताधिकार पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतला. वास्तविक कायद्याच्याच व्याख्येनुसार सहजधारीस मूलमंत्र म्हणता येणे आवश्यक आहे. पंथाने आपली मर्यादा स्वतः ठरवावी, हे मला मान्य आहे. परंतु श्रवणास पात्र आणि निर्णयास अपात्र, या भेदावर संसदेने मोहोर उमटवावी, हे मला उचित वाटत नाही.