व्यापारी इमारतींच्या सपाट गच्च्या : लेप द्यावा की थर उखडावा?

दुकाने, कचेऱ्या, गोदामे, दवाखाने अशा व्यापारी वापराच्या इमारतींवर आपल्याकडे बहुधा सलोह काँक्रीटचा सपाट स्लॅब असतो आणि त्यावर विटांच्या रोड्यांचा कोबा घातलेला असतो. अशी गच्ची काही वर्षांनी गळू लागली म्हणजे मालकापुढे दोन मार्ग मांडले जातात. आहे त्या कोब्यावर जलरोधक रसायनाचा लेप द्यावा, हा पहिला. कोबा मुळापासून उखडून स्लॅब मोकळा करावा व जलरोधनाचे सर्व थर नव्याने घालावेत, हा दुसरा. पहिला मार्ग स्वस्त आणि थोड्या दिवसांत उरकणारा; दुसरा खर्चाचा, धुळीचा आणि खालच्या दुकानदारांच्या त्राग्याचा. साहजिकच बहुतेक ठिकाणी पहिल्याची निवड होते. ती कित्येकदा योग्यही असते. परंतु ज्या कारणासाठी ती केली जाते, ते कारण मात्र क्वचितच योग्य असते.

गच्ची वरून कशी दिसते यावरून निर्णय घेण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. भेगा केसाएवढ्याच आहेत, तेव्हा लेप पुरे. पृष्ठभाग झिजून खडबडीत झाला आहे, तेव्हा कोबा उखडावा, असे मानले जाते. वस्तुतः झिजलेली, शेवाळलेली गच्ची आतून कोरडी असू शकते आणि गुळगुळीत दिसणारी गच्ची आतून पाण्याने भरलेली असू शकते. निर्णय ज्यावर अवलंबून ठेवावयाचा तो प्रश्न एकच आहे : कोब्याच्या पोटात पाणी साठले आहे किंवा नाही? प्रस्तुत लेखात हा प्रश्न इतका महत्त्वाचा का व त्याचे उत्तर कसे मिळवावे, याचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी प्रथम कोब्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. स्लॅबवर सिमेंटच्या कालव्यात विटांचे तुकडे बसवून पन्हाळीच्या दिशेने साधारण शंभरास एक असा उतार काढतात, कठड्यापाशी कोपरा बुजवून गोलाई देतात (गवंडी तिला वाटा म्हणतात) आणि वर सिमेंटचा गिलावा घोटून दोरीने चौकटी आखतात. थराची जाडी सरासरी ११५ मि.मी. धरली तर चुकणार नाही. हा थर पाणी सर्वस्वी अडवितो अशी समजूत आहे. ती पूर्णतः खरी नाही. तो बहुतेक पाणी उतारावरून वाहवून नेतो आणि उरलेले थोडे पिऊन घेतो. वीट सच्छिद्र असल्याने ती पाणी धरून ठेवते व पाऊस सरल्यावर ते पृष्ठभागावाटे बाफ होऊन निघून जाते. चार महिने पिणे आणि आठ महिने वाळणे, असा हा व्यवहार आहे. तो समतोल राहतो तोवर गच्ची गळत नाही. भेगा वाढल्या, पन्हाळ तुंबली किंवा उतार बसला म्हणजे पिणे वाढते, वाळणे पुरत नाही, आणि शिल्लक दरवर्षी साचत जाते.

ही शिल्लक किती असू शकेल? समजा, ३० मी. लांब व २० मी. रुंद अशी एक गच्ची आहे. तिचे क्षेत्रफळ ६०० चौ. मी. आणि तीवरील कोब्याचे घनफळ ६९ घन मी. होते. या घनफळात शेकडा १५ भाग पाणी आहे असे धरले, तर ते सुमारे १०,००० लिटर भरते. म्हणजे पाण्याच्या एका टँकरइतका साठा दुकानांच्या डोक्यावर, कोणाच्याही दृष्टीस न पडता, पसरलेला असतो. मुंबईत सांताक्रूझ येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मि.मी. पाऊस पडतो. अशा प्रदेशात एवढे पाणी साचावयास गच्चीत मोठे भगदाड पडावे लागत नाही.

अशा गच्चीवर लेप दिला म्हणजे काय होते, ते पाहू. लेप पाणी आत जाऊ देत नाही. त्याचप्रमाणे बाहेरही जाऊ देत नाही. वाळण्याचा जो एकमेव मार्ग होता तोच बंद होतो. वैशाखातील उन्हात गच्चीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. या तपमानास पाण्याच्या बाफेचा दाब पाऱ्याच्या सुमारे १५० मि.मी. इतका असतो, २५ अंशांस तो अवघा २४ मि.मी. असतो. या दोहोंतील फरक एका चौरस मीटरवर मांडला तर सुमारे १,७०० किलोग्रॅम होतो. हा सैद्धांतिक कमाल आकडा आहे व प्रत्यक्षात बाफेला वाटेत अडथळे असतात, हे मान्य. तथापि एक-दीड मिलिमीटर जाडीचा पापुद्रा ओल्या पृष्ठावरून उचलला जाण्यास याचा अंशही पुरतो. लेपाला फोड येतात ते यामुळे. मग रसायन निकृष्ट होते की कामगार हलगर्जी होते, असा वाद मालक व कंत्राटदार यांच्यात सुरू होतो. बिचाऱ्या रसायनाचा त्यात बहुधा दोष नसतो.

फोड हा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम म्हणावयाचा, कारण तो दिसतो. न दिसणारा परिणाम स्लॅबमध्ये घडतो. वर जाण्यास वाव नसलेले पाणी खाली झिरपू लागते. ताज्या काँक्रीटचे पीएच मूल्य १२.५ च्या वर असते व या क्षारधर्मामुळे सळयांवर एक संरक्षक आवरण टिकून राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरून हे मूल्य ९ च्या आसपास आणतो. तेथे आवरण नष्ट होते, आणि ओल व प्राणवायू मिळताच सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होत असल्याने काँक्रीट फुटून खालचे पोपडे गळून पडतात. ते ज्या दुकानात पडतात तेथे गिऱ्हाईके उभी असतात. लेपामुळे गळती थांबल्यासारखी वाटली आणि सळया मात्र गंजत राहिल्या, तर इशारा देणारी खूणच आपण पुसून टाकली असे होते.

पाणी आहे किंवा नाही, हे ओळखण्याचे पहिले साधन फुकटचे आहे, आणि म्हणूनच कदाचित ते कोणी वापरीत नाही. गळती केव्हा सुरू झाली व केव्हा थांबली याची नोंद दुकानदारांनी एका वहीत ठेवावी. मोठ्या सरीनंतर तासा-दोन तासांत ठिबक सुरू होऊन पाऊस थांबताच लवकर थांबत असेल, तर पाण्याला एखादी सरळ वाट मिळाली आहे : कठड्याजवळची फट, पन्हाळीचे तोंड, नळ जेथे गच्चीतून उतरतो ती जागा. पावसाळा संपून महिना लोटला तरी ठिबक चालूच असेल, तर ते पाणी साठ्यातले आहे. आणि उन्हाळा-पावसाळा काही फरक पडत नसेल, तर गच्चीला दोष देण्यापूर्वी तीवरील टाकी व नळ तपासावेत.

दुसरे साधन थेट आहे. गच्चीच्या सखल भागांत, तसेच तुलनेसाठी एका उंच भागी, हातभर लांबी-रुंदीचे चौकोन स्लॅबपर्यंत उघडावेत. निघालेले विटांचे तुकडे लगेच हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत तोलावेत, १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत व पुन्हा तोलावेत. वजनातील घट म्हणजे आतील पाणी. हे खड्डे पाडण्यास मालक नाखूष असतात. चांगल्या गच्चीला भोके कशाला, असे ते विचारतात. परंतु पाच-सहा खड्डे बुजविण्याचा खर्च संपूर्ण लेप वाया जाण्याच्या मानाने नगण्य आहे. अवरक्त छायाचित्रणाचाही उपयोग होतो. ओला भाग उष्णता अधिक साठवीत असल्याने सूर्यास्तानंतर तो भोवतालच्या भागापेक्षा उशिरा निवतो. ही पद्धत हलक्या उष्णतारोधक थरांच्या अमेरिकन छपरांवर उत्तम चालते; आपल्या जड कोब्यावर तिची चित्रे तितकी स्पष्ट येत नाहीत. ती खड्डे कोठे घ्यावेत हे सुचविते, खड्ड्यांची जागा घेत नाही.

त्याच वेळी स्लॅबची खालची बाजूही तपासावी. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा द्रव टाकावा. गुलाबी रंग आला तर क्षारधर्म शाबूत आहे. सळईच्या खोलीपर्यंत रंग आलाच नाही, तर तिचे संरक्षण संपले आहे. सळया गंजू लागल्या असतील तर लेप की नवा थर हा वादच अप्रस्तुत ठरतो. अगोदर स्लॅबची दुरुस्ती झाली पाहिजे.

येथे एका तिसऱ्या मार्गाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण तो सर्रास अवलंबिला जातो व तो सर्वांत घातक आहे. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर दुसरा कोबा घालणे, हा तो मार्ग. ११५ मि.मी. कोब्याचे वजन दर चौ. मी.स सुमारे २३० किलोग्रॅम असते. वावर असलेल्या गच्चीवर माणसे व सामान यांसाठी भारतीय मानकाप्रमाणे १५० किलोग्रॅमच्या आसपास भार धरतात. म्हणजे माणसांसाठी राखलेल्या भाराच्या दीडपट ओझे आपण कायमचे चढवितो, आणि तेही अशा स्लॅबवर की ज्याच्या सळयांची शाश्वती नाही. पाणी खाली कोंडले जाते ते वेगळेच. अमेरिकेतील इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, जुने छप्पर पाण्याने भिजलेले असल्यास अथवा त्यावर आधीच दोन आवरणे असल्यास त्यावर नवे आवरण चढविण्यास मज्जाव आहे. आपल्याकडेही मालकांनी हा नियम स्वतःहून पाळावयास हरकत नाही.

कोबा कोरडा, घट्ट व योग्य उताराचा निघाला, तर मात्र निःशंकपणे लेप द्यावा. त्यास उखडणे ही उधळपट्टी होय. लेपाच्या बाबतीत दोन गोष्टी हिशेबाने पाहाव्या लागतात. पहिली जाडी. एका चौ. मी.वर एक लिटर द्रव पसरला की ओला थर एक मि.मी. होतो, त्यात घनांश शेकडा ५० असेल, तर वाळल्यावर अर्धाच मि.मी. उरतो. तेव्हा एक मि.मी. कोरडा थर हवा असल्यास आपल्या ६०० चौ. मी. गच्चीला १,२०० लिटर द्रव लागेल. कामावर रिकामे झालेले डबे मोजणे ही याची सर्वांत साधी तपासणी. दुसरी गोष्ट भेगांची. लेप तिप्पट ताणला जातो अशी जाहिरात असते. परंतु भेगेच्या दोन्ही काठांना तो घट्ट चिकटलेला असेल, तर ताणावयास लांबीच उरत नाही व भेग एक मि.मी. उघडताच तो फाटतो. तेच भेगेवर २० मि.मी. रुंदीची न चिकटणारी पट्टी ठेवून वर जाळीसह लेप दिला, तर ताण शेकडा पाचच येतो. ३० मी. लांबीचे काँक्रीट ३० अंश तपमानभेदाने सुमारे ९ मि.मी. लांबी बदलू शकते. हे ध्यानात ठेवले म्हणजे पट्टीचे महत्त्व पटेल. शिवाय लेपाने उतार निर्माण होत नाही. जेथे पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावरही डबके राहते, तेथे पाण्यात कालविलेले अॅक्रिलिक लेप मऊ पडून सुटतात. तेथे आधी उतार सुधारावा.

पुष्कळदा गच्ची काही भागी ओली व काही भागी कोरडी निघते. ओला भाग एक-चतुर्थांशाहून कमी व एकत्र असेल, तर तेवढाच उखडून पुन्हा बांधावा आणि मग सर्व गच्चीवर लेप द्यावा, असे आमचे मत आहे. त्याहून अधिक असल्यास तुकड्यातुकड्यांचे काम महाग पडते आणि सांधेच गळू लागतात.

खर्चाची तुलना वर्षांवर वाटून करावी. लेपास पूर्ण नूतनीकरणाच्या एक-तृतीयांश खर्च आला व तो सहा वर्षे टिकला, आणि नूतनीकरण अठरा वर्षे टिकले, तर दोहोंचा वार्षिक बोजा सारखाच पडतो. ओल्या कोब्यावरील लेप दोन वर्षांत सुटला, तर तोच लेप तिप्पट महाग ठरतो, व त्यात स्लॅबची हानी अजून धरलेलीच नाही. लेपाबरोबर मिळणारी दहा वर्षांची हमी वाचून पाहावी; ती बहुधा रसायन पुन्हा पुरविण्यापुरती असते.

उखडण्याचे ठरले, तर आपल्या उदाहरणातील गच्चीवरून सुमारे १३८ टन राबिट उतरवावे लागेल. ते एका जागी रचून ठेवू नये, रोजच्या रोज खाली न्यावे. एका कोपऱ्यात मीटरभर उंचीचा ढीग झाला तर तेथील स्लॅबवर योजलेल्या भाराच्या अनेक पट ओझे पडते. पाहणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, साठ्याची ठिबक चालू असतानाच करावी, निर्णय डिसेंबरपर्यंत घ्यावा, म्हणजे मेअखेर काम संपते. नव्या कामावर पाणी कोंडून दोन-तीन दिवस चाचणी घेतात, ती अवश्य घ्यावी. संशयित जुन्या गच्चीवर मात्र ती घेऊ नये; कोबा कोरडा असला तरी त्या चाचणीनेच तो भिजतो, आणि लेपासाठी पुन्हा एक उन्हाळा थांबावे लागते.