साठी उलटलेली मस्टँग

जुनी अमेरिकन गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, तर पाना हातात घेण्याआधी काही निर्णय घ्यावे लागतात. काय ठेवायचं, काय बदलायचं आणि सुरुवात कुठून करायची?

तुमच्या फीडमध्ये हा व्हिडिओ एकदा तरी येऊन गेलाच असेल. अमेरिकेतल्या एखाद्या शेतावरचं गोदाम, आत धुळीने माखलेली, टायर बसलेली जुनी गाडी. पुढच्या वीस मिनिटांत ती चकाचक लाल होते आणि हायवेवर गुरगुरत निघते. बघायला एकदम भारी! पण एडिटिंगमध्ये जे कापलं जातं, ते काम काही महिन्यांचं, बऱ्याचदा काही वर्षांचं असतं. त्यात रंग सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी काय काय येतं, ते समजून घ्यायला आपण एकच गाडी घेऊ. पहिल्या पिढीची फोर्ड मस्टँग.

मस्टँगच का? 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती लोकांसमोर आली. किंमत 2,368 डॉलरपासून पुढे. पहिल्याच दिवशी सुमारे 22 हजार ऑर्डर्स आल्या आणि दोन वर्षांच्या आत दहा लाखांचा टप्पा पार झाला. लांब बॉनेट, आखूड डिक्की असा तोरा असला, तरी आतून ती फोर्डच्याच साध्यासुध्या फाल्कनवर बेतलेली होती. बनवल्या भरपूर म्हणून उरल्याही भरपूर. त्यामुळे तिचे बहुतेक सगळे पार्ट आजही नव्याने बनतात. फोर्डच्या परवान्याने अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. नवशिक्या हौशी मंडळींची ती लाडकी आहे, ती यामुळेच.

आधी नंबर वाचा

गाडी घेण्याआधी तिचा ओळख क्रमांक वाचायचा. समजा सुरुवात ‘5एफ07सी’ अशी आहे. 5 म्हणजे 1965 चं मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, 07 म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे 289 घन इंचांचं व्ही-8 इंजिन. 07 च्या जागी 08 असेल तर उघड्या टपाची कन्व्हर्टिबल, 09 असेल तर फास्टबॅक. शेवटी सीऐवजी टी असेल, तर गाडी मुळात सहा सिलिंडरची.

याचा उपयोग काय? बॉनेटखाली व्ही-8 दिसतंय आणि नंबर टी सांगतोय, याचा अर्थ इंजिन नंतर कुणीतरी बदललंय. उलट त्या जागी के हे अक्षर निघालं, तर ती 271 हॉर्सपॉवरची दुर्मीळ गाडी. तिच्यात आधुनिक इंजिन बसवायचा विचार तिथेच सोडा! साध्या सहा सिलिंडरच्या गाडीवर मात्र प्रयोग करायला बराच वाव असतो. म्हणजे पुढचे निम्मे निर्णय या एका नंबरमधून ठरतात.

गंज लपतो कुठे?

इंजिन बिघडलं तर बाहेर काढून दुरुस्त करता येतं. पत्रा कुजला असेल तर घाम निघतो. मस्टँगला वेगळी चॅसी नाही. फ्लोअर, बाजूचे पत्रे आणि पुढचे-मागचे रेल मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे फ्लोअरला पडलेलं भोक कार्पेटखाली झाकून चालत नाही.

तिची सगळ्यात बदनाम जागा आहे पुढच्या काचेखाली. वायपरजवळच्या जाळीतून पाणी आत जातं आणि आतल्या पोकळीतून बाजूने वाहून जातं, निदान तशी अपेक्षा असते. पण साठ वर्षांत तिथे पानं, माती साचते, ओल धरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. मग पावसात ड्रायव्हरच्या पायावर पाणी ठिबकतं. तपासायची पद्धत अगदी साधी. एकाने जाळीवर बाटलीभर पाणी ओतायचं, दुसऱ्याने डॅशबोर्डखाली टॉर्च मारायचा. गळती दिसली, तर शेकडो डॉलरचं नाही, हजारोंचं काम निघू शकतं, कारण तो भाग मोकळा करायला वेल्डिंगचे कितीतरी ठिपके एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. चकचकीत रंगाखाली पुट्टी भरलीय का, हे मात्र खिशातलं लोहचुंबकही सांगतं. पुट्टी जाड असेल तिथे ते चिकटतच नाही.

तीन वाटा

आता मुख्य निर्णय. पहिली वाट दुरुस्तीची. जे बिघडलंय तेवढंच नीट करायचं, बाकीचं वय तसंच दिसू द्यायचं. दुसरी रिस्टोरेशनची, म्हणजे कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी गाडी करायची, रंगाच्या शेडपासून नट-बोल्टच्या पॉलिशपर्यंत. तिसरी वाट रेस्टोमॉडची. दिसायला 1965, पण आत आजचे ब्रेक, आजचं इंजिन, आजचा एसी.

यातली कुठली बरोबर? ‘बुलिट’ या 1968 च्या सिनेमात स्टीव्ह मॅकक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग आठवा. 1974 मध्ये एका कुटुंबाने ती जाहिरात बघून 6 हजार डॉलरला घेतली. जानेवारी 2020 मध्ये लिलावात तिची किंमत गेली 37 लाख 40 हजार डॉलरवर. आणि ती चकाचक केलेली नव्हती. पोचे, उडालेला रंग, सगळं होतं तसंच. ते घासून काढलं असतं, तर शूटिंगच्या खुणाही गेल्या असत्या. एखाद्या गाडीचा इतिहास तिच्या पत्र्यावरच असतो, तिथे हात आवरायचा असतो. पण प्रत्येक मस्टँग काही सिनेमात गेलेली नाही. रोज कॉलेजला न्यायच्या गाडीचे निकष वेगळे असणारच.

आधी थांबू द्या, मग पळवा

बहुतेकांना पहिला खर्च इंजिनावर करायचा असतो. इथे जरा थांबा. 1965 च्या साध्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. त्याहून गंभीर म्हणजे ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. चारपैकी एका चाकाकडे जाणारा पाइप फुटला, की चारही चाकांचे ब्रेक जाऊ शकतात. 1967 च्या मॉडेलपासून दोन कप्पे आले. एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते. सीट बेल्टही फक्त कमरेचे होते, खांद्यावरून येणारा पट्टा नव्हता. पेट्रोलची टाकी तर अशी बसवलेली, की टाकीचा वरचा भाग हाच डिक्कीचा तळ!

आता अशा गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं तर काय होईल, तुम्हीच सांगा. म्हणून जाणकार मेकॅनिकचा क्रम ठरलेला असतो. आधी ब्रेक, मग स्टीअरिंग आणि सस्पेन्शन, मग कूलिंग आणि वायरिंग, शेवटी ताकद. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, खांद्याचा पट्टा. हे बदल फोटोत दिसत नाहीत, लाइक्सही मिळवून देत नाहीत. पण शेजारच्या सीटवर तुमचा मित्र बसणार असतो. एक बारकावाही लक्षात ठेवा. सहा सिलिंडरच्या मस्टँगच्या चाकाला चार बोल्ट असतात, व्ही-8 ला पाच. डिस्क ब्रेकचं किट मागवण्याआधी ते मोजलं नाही, तर पार्सल परत पाठवायची पाळी येते.

परतीची वाट ठेवा

अपग्रेड करताना एक प्रश्न विचारायचा. हा बदल उद्या कुणाला उलटवता येईल का? जुन्या पॉइंट-कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं छोटं मॉड्यूल बसतं, तेही त्याच डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली. काढलेले पॉइंट ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवून द्या, अर्ध्या तासात गाडी पुन्हा मूळ रूपात येते. पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलणंही असंच, आणि ते आवश्यकच. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. पण मोठं इंजिन मावावं म्हणून पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर कापले, तर परतीचा रस्ता बंद झाला. कापू नका असं नाही. कापण्याआधी ओळख क्रमांक पुन्हा एकदा वाचा, एवढंच.

हीच कसोटी इलेक्ट्रिकलाही लागू पडते. 2021 मध्ये खुद्द फोर्डने 1978 च्या एफ-100 पिकअपमध्ये मस्टँग माक-ई जीटीच्या दोन इलेक्ट्रिक मोटर बसवून दाखवल्या. काहींना तो अपमान वाटला, काहींना त्यात जुन्या गाड्यांचं भविष्य दिसलं.

याची डिग्रीही असते

हे सगळं फक्त हौसेपुरतं आहे, असं वाटतंय? अमेरिकेत कॅन्ससमधलं मॅकफर्सन कॉलेज 1976 पासून गाड्यांचं रिस्टोरेशन शिकवतं आणि त्यात चार वर्षांची पदवी देतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी रिस्टोर केलेली 1953 ची मर्सिडीज 2023 मध्ये पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात तिच्या गटात दुसरी आली. कार्ब्युरेटर ट्यून करणारे, हाताने पत्रा ठोकून आकार देणारे, सीट शिवणारे हात म्हातारे होत चाललेत. ते शिकून घेणारं कुणीतरी हवंच आहे.

आपल्याकडेही अमेरिकन गाड्या परक्या नाहीत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. मात्र आपला कायदा वेगळा आहे, तो माहीत हवा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. अट अशी, की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. थोडक्यात, अमेरिकेत कौतुक होणारी रेस्टोमॉड इथे या नंबरला मुकू शकते.

मस्टँग परवडण्याची वाट बघत बसू नका. घरामागे बंद पडलेली आजोबांची स्कूटर चालेल. उघडण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, पिशवीवर नाव लिहा. आणि सुरुवात ब्रेकपासून करा.