चिप एकाची, कार्ड दुसऱ्याचं

१६ सप्टेंबर २०२२ रोजी ईव्हीजीए या अमेरिकी कंपनीने ग्राफिक्स कार्डांचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. धंदा बसला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. उत्तर अमेरिकेत एनव्हिडियाच्या चिपवर विकल्या जाणाऱ्या कार्डांत तिचा वाटा सुमारे ४० टक्के असल्याचं सांगितलं जात होतं, आणि कंपनीच्या उलाढालीतला जवळजवळ ८० टक्के भाग या कार्डांचाच होता. ज्या गल्ल्यात पाचातले चार रुपये पडतात, त्यालाच मालकाने आपल्या हाताने कुलूप घातलं.

हे कोडं सुटायला कार्ड कसं तयार होतं ते पाहावं लागतं. एनव्हिडिया चिपचा आराखडा करते. चिप प्रत्यक्षात घडते सॅमसंग किंवा तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात. पुढचं काम बोर्ड बनवणाऱ्यांचं. चिपला वीज पुरवणारं सर्किट, हीटसिंक, पंखे, खोकं, जाहिरात, आणि कार्ड बिघडलं की गिऱ्हाइकाची बोलणी खाणं, हे सगळं त्यांच्याकडे. असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक याच पंगतीतल्या. ईव्हीजीए १९९९ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. अँड्र्यू हान हे तिचे प्रमुख. मदरबोर्ड, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), माउस, कीबोर्डही ती विकायची, पण ग्राफिक्स कार्ड फक्त एनव्हिडियाचं. स्पर्धक एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांच्या वाटेला ती कधी गेली नाही.

तिचं नाव झालं ते विक्रीनंतरच्या वागणुकीमुळे. कार्ड घेतल्यावर ९० दिवसांत त्याहून वरचं मॉडेल हवंसं वाटलं, तर किमतीतला फरक भरून बदलून मिळे. हौशी मंडळींनी कूलर काढून स्वतःचा बसवला तरी वॉरंटी जात नसे. २०१६ साली काही कार्डांचा वीजपुरवठ्याचा भाग जास्त तापत असल्याची ओरड झाली, तेव्हा मागेल त्याला थर्मल पॅड फुकट पाठवले गेले.

जुलै २०२१मध्ये तर खरी कसोटी लागली. ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेमची चाचणी आवृत्ती खेळताना ईव्हीजीएची ‘३०९०’ मॉडेलची काही महागडी कार्डं जागच्या जागी मेली. इंटरनेटवर खापर गेमवर फुटत होतं, त्यामुळे हात झटकणं सोपं होतं. ईव्हीजीएने कार्डं बदलून दिली, मेलेली तपासली, एक्स-रे काढले आणि सांगून टाकलं, की आमच्याच काही बोर्डांवर सोल्डरिंग नीट झालेलं नव्हतं. इतकं सरळ उत्तर या बाजारात क्वचितच मिळतं.

तो काळही विलक्षण होता. कोविडमुळे घरी बसलेले गेमर आणि इथेरियम हे आभासी चलन खणणारे मायनर एकाच कार्डावर तुटून पडले होते. ईव्हीजीएने नाव नोंदवून रांग लावण्याची पद्धत काढली. नंबर लागला की ई-मेल यायचा आणि ठरावीक तासांत पैसे भरायचे. ऑक्टोबर २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या ट्रकमधून तिच्या कार्डांचा माल चोरीला गेला. एकेकाळी सोन्यावर पडायचे तसे दरोडे आता ग्राफिक्स कार्डांवर पडू लागले होते!

मग वारं फिरलं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच मोडीत काढली. ईव्हीजीएची घोषणा आली ती दुसऱ्या दिवशी. पण हान यांची तक्रार जुनी होती. चिपची किंमत, कार्डाच्या विक्रीभावाची कमाल मर्यादा, सगळं एनव्हिडिया ठरवणार. नव्या कार्डाचा भाव भागीदारांनाही कळणार तो एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग मंचावर बोलतील तेव्हा. त्यात २०१६पासून एनव्हिडिया ‘फाउंडर्स एडिशन’ नावाने स्वतःचंच कार्ड विकू लागलेली. मार्च २०२२मध्ये १,९९९ डॉलरला आलेलं ३०९० टीआय सहा महिन्यांत ११०० डॉलरच्या आसपास उतरलं. चढ्या भावाने चिपा घेऊन बसलेल्या बोर्डवाल्याला मग प्रत्येक विक्रीत घरचे पैसे घालावे लागतात. एसएमपीएसवर मात्र भरघोस नफा सुटत होता.

चिपवाल्याने स्वतःच कार्डं विकायला बसणं आधीही झालं आहे. १९९६ची ‘व्हूडू’ चिप गाजवणाऱ्या थ्रीडीएफएक्सने १९९८च्या अखेरीस एसटीबी ही बोर्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं आणि कार्डं स्वतःच विकायचा घाट घातला. दुखावलेले बोर्डवाले एनव्हिडियाच्या दारात गेले. दोन वर्षांत थ्रीडीएफएक्सची मालमत्ताच एनव्हिडियाने उचलली. आज एनव्हिडिया तेच करते आणि तिला काही होत नाही, कारण बोर्डवाल्यांना जायला तितकं मोठं दुसरं दार उरलेलं नाही. एनव्हिडियाची कार्डं बनवणाऱ्यांपैकी बीएफजीने २०१०मध्ये हा धंदा सोडला. एक्सएफएक्स एएमडीकडे गेली. एएमडीचं दार ईव्हीजीएलाही उघडं होतं. हान यांनी ते ठोठावलं नाही.

ईव्हीजीएच्या घोषणेनंतर चारच दिवसांनी, २० सप्टेंबरला, हुआंग यांनी ४०९० कार्डाची घोषणा केली. ईव्हीजीएने त्याचे नमुने बनवूनही ठेवले होते. ते विक्रीला आलेच नाहीत. जुन्या कार्डांची वॉरंटी पाळण्यासाठी मात्र कंपनीने थोडा माल राखून ठेवला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारात ईव्हीजीएचं नाव तसं कमीच ऐकू यायचं, पण तिथे कार्ड घेणाऱ्यालाही हा हिशेब लागू आहे. चिप एनव्हिडियाची असली तरी वॉरंटी बोर्डवाल्याची असते. त्याचं सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्या, आणि बिल जपून ठेवा.