सेटअप सोळा बिटांचा, लॅपटॉप चौसष्टचा

या आठवड्यात ग्राफिक्स आणि व्हल्कन घेणार होतो. ते एक आठवडा पुढे ढकलतो, कारण सांगली जिल्ह्यातल्या एका छापखान्याच्या मालकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवायला मन होत नाही.

त्यांचा विंडोज ९८चा डेस्कटॉप कायमचा बंद पडला. त्यातली हार्ड डिस्क मात्र शाबूत आहे आणि तिच्यात गावच्या शाळेची स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि एका स्थानिक अभ्यासकाने लिहिलेला तालुक्याचा इतिहास आहे. सगळं पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. पेजमेकरची सीडी आहे, फॉन्टच्या पॅकेजचीही आहे. मुलाच्या विंडोज १०च्या लॅपटॉपवर ती दुसरी सीडी घातली, तर ‘हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही’ असा निरोप येतो. ही लेखमाला वाचून त्यांनी स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलाय. ते विचारतात: खऱ्या विंडोजवर जे चाललं नाही, ते लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमध्ये कसं चालेल?

चालेल. आणि का चालेल, ही मला या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

त्या सीडीवरचा मुख्य प्रोग्रॅम बहुधा ३२ बिटांचा असणार. अडतोय तो फक्त सेटअप, कारण तो १६ बिटांचा आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ही रीतच होती. सीडी कोणी विंडोज ३.१च्या मशीनमध्येही घालील, तिथे निदान ‘हे विंडोज ९५साठी आहे’ एवढं तरी सांगता यावं, म्हणून सुरुवातीचा तुकडा १६ बिटांचा ठेवत. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही. प्रसिद्ध इन्स्टॉलरांच्या काही आवृत्त्या ओळखून विंडोज त्यांच्या जागी गुपचूप ३२ बिटांचं इंजिन चालवतो, पण आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांचे सेटअप त्या यादीत सापडण्याची आशा कमी.

पुष्कळांना वाटतं की नव्या प्रोसेसरलाच १६ बिट येत नाहीत. तसं नाही. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत असताना डॉसच्या काळातली ‘रिअल मोड’ची पद्धत बंद होते, हे खरं, म्हणून डॉसचे प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये, म्हणजे प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करून चालवावे लागतात. विंडोज ३.१चे प्रोग्रॅम मात्र ‘प्रोटेक्टेड मोड’मध्ये चालायचे आणि त्यांचे १६ बिटांचे सेगमेंट आजचा प्रोसेसरही थेट चालवतो. मायक्रोसॉफ्टने दिलेलं कारण वेगळं आहे. विंडोज प्रत्येक खिडकीला, प्रत्येक चित्राला एक क्रमांक देतो. त्याला हँडल म्हणतात. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये या क्रमांकाचे ३२ बिट कामाचे असतात, ते १६ बिटांच्या प्रोग्रॅमला देताना कापता येत नाहीत. वाइनमध्ये खिडक्यांचे क्रमांक असे बांधलेत की खालचे १६ बिट हाती असले तरी पूर्ण क्रमांक शोधून काढता येतो.

आणि वाइनसाठी हे काम वाढीव नाहीच. १९९३मध्ये बॉब ऍमस्टॅटने तो सुरू केला तेव्हा विंडोज ३.१चेच प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचे होते. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ज्युलिअर्डने सूत्रं हाती घेतली, ती अजून त्याच्याकडे आहेत. १.० ही आवृत्ती निघायला २००८चा जून उजाडला. एवढ्या वर्षांत १६ बिटांचा तो पहिला पाया कोणी उखडला नाही, याबद्दल मला त्या मंडळींचा फार आदर वाटतो.

एकदा मात्र तो जाता जाता वाचला. १६ बिटांच्या प्रोग्रॅमकडे परतताना प्रोसेसर स्टॅकच्या पत्त्याचे फक्त खालचे १६ बिट बदलतो. वरच्या बिटांत कर्नलचा स्वतःचा पत्ता राहून जातो आणि तो बाहेरच्या प्रोग्रॅमला वाचता येतो. सुरक्षेच्या दृष्टीने ही गळती वाईट. म्हणून एप्रिल २०१४मध्ये एच. पीटर अन्विन यांनी ६४ बिटांच्या लिनक्स कर्नलमध्ये १६ बिटांचे सेगमेंट सरळ बंद केले. वाइनवर जुने प्रोग्रॅम चालवणारे लोक थोडेच, पण त्यांनी तक्रार केली आणि ती ऐकली गेली. अन्विन यांनीच मग परतीच्या त्या क्षणापुरता वेगळा छोटा स्टॅक वापरण्याची युक्ती लिहिली, गळतीही थांबली आणि १६ बिटही परत आले. ऑगस्ट २०१४च्या ३.१६ कर्नलमध्ये ती आली. मूठभर लोकांच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी कर्नलच्या इतक्या नाजूक जागी हात घालायची तयारी, ही मला लिनक्सची खरी श्रीमंती वाटते.

आता पत्रलेखकांच्या कामाचं. वाइन बसवताना त्याचा ३२ बिटांचा भागही बसवा. पॅकेजच्या नावात ३२ असतं. जानेवारी २०२४च्या ९.० आवृत्तीपासून ३२ बिटांच्या लिनक्स लायब्रऱ्या न लागणारी नवी पद्धत पुढे आलीय, पण तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत १६ बिटांना जागा नव्हती. तुमचा सेटअप उघडलाच नाही, तर आधी हे तपासा. पेजमेकर आणि फॉन्टचं पॅकेज दोन्ही एकाच प्रिफिक्समध्ये, म्हणजे वाइन ज्या फोल्डरात आपलं विंडोज मांडतो त्यात, घाला. जुनी मराठी पॅकेजेस कळफलकावरची प्रत्येक कळ मधेच पकडून तिचं मराठी करतात, आणि वाइनमध्ये ही पकड त्याच प्रिफिक्सच्या खिडक्यांपुरती चालते. पेजमेकरमध्ये मराठी उमटेल, शेजारच्या लिबरऑफिसमध्ये नाही.

फॉन्ट दिसतील का, या काळजीचं कारण नाही. हे फॉन्ट ८ बिटांचे: रोमन अक्षरांच्या जागांवर काना, वेलांटी, अर्धा त, रफार असे तुकडे बसवलेले. युनिकोड मराठीला जोडाक्षरं घडवणारं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन बसवणारं यंत्र लागतं. या जुन्या मजकुराला ते लागतच नाही. वाइनच्या लेखी ती साधी रोमन अक्षरं आहेत. ती तो जशीच्या तशी ओळीत मांडतो आणि आपल्याला मराठी दिसतं. फॉन्टच्या फाइली वाइनच्या सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात, फॉन्ट्समध्ये टाकल्या की झालं.

एका जागी मात्र वाट बंद असू शकते. त्या पॅकेजला प्रिंटर पोर्टात किंवा यूएसबीत लावायचं लॉक असेल, तर त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा असतो, आणि असे हार्डवेअरचे ड्रायव्हर वाइनमध्ये सहसा चालत नाहीत. पण तुम्हाला नवं टाइप करायचं नाही, जुनं उघडायचं आहे. त्याला पेजमेकर आणि फॉन्टच्या फाइली पुरतात, आणि त्या फाइली जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरात आहेतच.

म्हणून माझी विनंती अशी. फाइल उघडली की आधी तिची पीडीएफ करा. लिनक्समध्ये छपाई सांभाळणाऱ्या कप्सचा पीडीएफ प्रिंटर बसवला की तो पेजमेकरच्या छपाईच्या यादीत दिसतो. वाइन छपाईसाठी पोस्टस्क्रिप्टच तयार करतो आणि पेजमेकरचं पोस्टस्क्रिप्टशी जुनं नातं आहे, त्यामुळे पानं नीट निघतात. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये आणा. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने कन्व्हर्टर त्या त्या फॉन्टचाच लागतो. रूपांतर झाल्यावर रफार, ज्ञ आणि र जोडलेली अक्षरं डोळ्यांखालून घालाच; चुका तिथेच होतात. सुरुवात तालुक्याच्या इतिहासापासून करा. लग्नपत्रिका थांबू शकतात.

महाराष्ट्रात असे छापखाने, अशा संस्था, अशी मासिकं पुष्कळ आहेत, ज्यांच्या कपाटात या फाइली पडून आहेत. तुमच्याकडे असतील, तर एवढ्यासाठी नवं मशीन घेऊ नका. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप या कामाला भरपूर आहे.

पुढच्या आठवड्यात ग्राफिक्स नक्की. तोवर आपल्या लॅपटॉपमधला इंटेल प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे, तेवढं बघून ठेवा. दुसऱ्या पिढीचा असेल तर व्हल्कन ही ग्राफिक्सची नवी पद्धत मिळणार नाही, आणि जुन्या ओपनजीएलवरच सगळी मदार ठेवावी लागेल.